घरी न्यायची वस्तू

बाबांना दवाखान्यातून सोडायचं ठरलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बिडी आणि बोटीच्या इंजिनाचा धूर, दोन्हींनी मिळून बाबांची फुप्फुसं निकामी करत आणली होती. औषधांनी जेवढं सुधारण्यासारखं होतं तेवढं सुधारलं होतं.

"आता इथे ठेवून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "पण घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. सिलिंडर नव्हे, विजेवर चालणारं. ते खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन काढून देतं. दिवसाचा बराच वेळ लावायचं आणि झोपेत तर काढायचंच नाही. ती सोय झाली की घेऊन जा."

मी तेव्हा मुंबईत, फोर्टातल्या एका आयात-निर्यातीच्या कचेरीत काम करत होते. सकाळी मांडव्याहून बोटीनं जायचं, संध्याकाळी बोटीनंच परत. आई पूर्वीच गेली होती, मी लग्न केलेलं नव्हतं. घरात बाबा, मी आणि बाबांना सांभाळायला येऊन राहिलेली आत्या. कंपनीचा आरोग्य विमा होता, त्यात आईवडीलही बसत. दवाखान्याचं बिल त्यातूनच जाणार होतं. म्हणून मी कार्ड घेऊन विम्याच्या खिडकीवर गेले आणि मशीनचं विचारलं.

"मॅडम, पेशंट ॲडमिट असेपर्यंतचं सगळं पॉलिसीत," खिडकीतली मुलगी म्हणाली. "बेड, औषधं, इथला ऑक्सिजन, सगळं. घरी न्यायची वस्तू बसत नाही. वॉकर, चाकाची खुर्ची, वाफेचं मशीन, ऑक्सिजनचं मशीन... त्यातलं काहीच नाही."

मी "बरं" म्हटलं.

त्या मुलीला दोष द्यायची सोय नाही. बहुतेक पॉलिसींचं तसंच असतं, हे मला पुढे कळलं. तिनं बहुतेकांचं सांगितलं. माझ्या पॉलिसीत काय आहे हे मी विचारायला हवं होतं, कचेरीत एक फोन करायला हवा होता. तो मी केला नाही. उलट स्पष्ट उत्तर मिळाल्याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं. इतक्या दिवसांच्या धावपळीनंतर कुणीतरी ठामपणे काहीतरी सांगितलं होतं आणि त्यावर मला काही करायचं नव्हतं.

मशीन भाड्यानं कुठे मिळेल याची चौकशी करत मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते. तेवढ्यात चाचीचा फोन आला.

चाची आमच्याच गावातली, मशिदीच्या बाजूला घर. तिचे मिया, म्हणजे आमचे चाचा, सुक्या मासळीचे व्यापारी. बाबांचा जवळा आणि बोंबील वर्षानुवर्षं त्यांनीच उचलला. भाव करताना दोघांची भांडणं अख्ख्या बंदराला ऐकू जायची आणि भांडण संपलं की दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. चाचांना शेवटी श्वासाचा त्रास झाला तेव्हा त्यांच्या मुलानं कुवेतहून पैसे पाठवून असंच एक मशीन घेतलं होतं. चाचा गेल्यापासून ते चाचीच्या खोलीत चादरीखाली झाकलेलं असायचं. घरात आता चाची आणि तिची सून, आमची भाभी.

"कुणाकुणाला विचारत फिरतेस?" चाची फोनवर म्हणाली. "आपलं घरात पडलंय ना. भाभीला सांगितलंय, टेम्पोत घालून पाठवते."

"पण चाची, ते..."

"पणबिण काही नको. बंद राहिलं तर मशीन बिघडतं म्हणतात. चालू राहू दे."

बाबा घरी आले तेव्हा मशीन त्यांच्या खाटेशेजारी येऊन बसलेलं होतं. भाभीनं ते पुसून चकचकीत केलं होतं. पाण्याची बाटली कशी भरायची, मागची जाळी केव्हा धुवायची, हे तिनं आत्याला समजावून सांगितलं. बाबांनी मशीनकडे बराच वेळ पाहिलं.

"त्याच्या मशीनवर मी श्वास घ्यायचा व्हय?" ते म्हणाले. मग नाकात नळी अडकवून घेत म्हणाले, "घेतो. जल्मभर भाव पाडून पाडून माझा श्वास त्यानंच काढलाय."

भाभी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

नळी लांब होती. मशीन आत घरघरत राही आणि बाबा नळी खिडकीतून बाहेर काढून पडवीत बसत. तिथून माडांच्या मधून समुद्राची एक फट दिसायची. कुणाची बोट किती वाजता लागली, कोण आज गेलाच नाही, हे सगळं त्यांना तिथूनच कळे. आवाज सुधारला, जेवण सुधारलं. आत्याशी भांडण्याइतकी ताकद आली. मी पुन्हा नेमानं बोट पकडू लागले आणि विम्याचा विषय माझ्या डोक्यातून गेला. मशीन होतंच. असलेल्या वस्तूबद्दल कोण कशाला चौकशी करतं?

चाची अधूनमधून यायची. कधी सांदणं घेऊन, कधी नुसतीच. पडवीच्या पायऱ्या चढून आली की खांबाला हात लावून उभी राहायची आणि काहीतरी बघत असल्यासारखं करायची. कधी जास्वंदीकडे, कधी वाळत टाकलेल्या जाळ्याकडे. मग हळूच बाबांसमोरच्या खुर्चीत बसायची. पहिलं वाक्य बोलायला तिला वेळ लागायचा.

"दम लागतो का गं, चाची?" मी एका रविवारी विचारलं.

"वय झालं, बेटा," ती म्हणाली. तिची नजर खिडकीतून आतल्या मशीनवर गेली आणि लगेच बाबांकडे वळली.

ती नजर मी पाहिली. पाहिली, आणि चहा टाकायला आत गेले. चुलीपाशी उभी राहून मी स्वतःशीच म्हणत होते की तिला काही झालं असतं तर भाभी बोलली असती, कुवेतहून मुलगा पाहून घेईल, त्यांचं घर आमच्यापेक्षा बरं आहे. मी नीट पाहिलं असतं तर मला विचारावं लागलं असतं, आणि तिनं हो म्हटलं असतं तर मशीन द्यावं लागलं असतं. एवढं सगळं मी तेव्हा मनात शब्दांनी मांडलं नव्हतं. पण चहाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, हे आठवतं.

पुढे तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. "गुडघे धरलेत अम्मांचे," भाभी म्हणाली. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

पावसाळा सरला, मांडव्याच्या बंद असलेल्या बोटी सुरू झाल्या, त्या सुमारास मी बाबांचे तपासणीचे कागद दाखवायला अलिबागला त्याच दवाखान्यात गेले. वरच्या मजल्यावर बाकावर भाभी बसलेली दिसली. मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास आणि चाचीची शाल. मला पाहून ती एकदम उभी राहिली.

"तू इकडे कशी?" तिनं विचारलं.

"बाबांचे कागद दाखवायला. तू?"

"अम्मांना जरा... अशक्तपणा आलाय."

दार अर्धवट उघडं होतं. आत चाची उशांना टेकून बसली होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. छाती जशी वरखाली होत होती ते मला पाठ होतं. आमच्या घरात मी ते रोज पाहत होते.

"केव्हापासून?" मी विचारलं.

भाभीनं पिशवीतली शाल आत सारली. मग म्हणाली, "पाऊस सुरू झाला तेव्हापासून. सरकारी कार्डावर ॲडमिट करून घेतात, ऑक्सिजन लावतात, बरं वाटलं की सोडतात. घरी गेलं की पुन्हा तेच. मग पुन्हा आणायचं."

"घरी मशीन लावायला सांगितलं नाही?"

"सांगितलंय ना. कार्डावर ॲडमिट केलेलं सगळं होतं, घरचं मशीन नाही मिळत. यांची कुवेतची कंपनी बंद पडलीय. हे म्हणाले थोडं थांबा, दुसरीकडे लागलो की बघतो."

"अगं, मशीन तुमचंच आहे! आमच्या घरात..."

"म्हणूनच तर." तिनं मला हाताला धरून जिन्याकडे नेलं. आवाज खाली आणला. "अम्मांनी कसम घातलीय. तुमच्याकडे शब्दसुद्धा काढायचा नाही. म्हणतात, दिलेली वस्तू आजारी माणसाच्या नाकातून काढून आणायची नसते. तू आता पाहिलंस म्हणून, नाहीतर मी बोलले नसते."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बोलताना ती कमरेवर हात ठेवून उभी होती. चाचीला उचलून रिक्षात बसवताना कमरेत भरलं होतं ते अजून सुटलं नव्हतं. शाळेचे गणवेश शिवायचं तिचं जूनचं काम याच धावपळीत सुटलं होतं, हेही मला तेव्हा कळलं. आणि पावसाच्या सुरुवातीच्या दिवसांत आमच्या पडवीत बसून मी तिला विचारलं होतं, यंदा शिलाई मशीनचा आवाज येत नाही गं तुझ्याकडून, शिवणं बंद केलंस का?

मी खाली येऊन पायऱ्यांवर उभी राहिले आणि कचेरीतल्या विम्याचं पाहणाऱ्या बाईंना फोन लावला. काय आशा होती कोण जाणे. निदान नकार तरी नीट ऐकावा, एवढंच.

"ऑक्सिजनचं मशीन? घरच्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मिळतं की. मूळ पॉलिसीत ते नसतं, बरोबर आहे. पण आपल्या कंपनीनं त्यावर जास्तीचं कव्हर घेतलंय. डॉक्टरची चिठ्ठी लागते. कुठला आजार, कुठलं मशीन, कितीवर लावायचं, किती दिवस, सगळं त्यात हवं. आधी मंजुरी घ्यायची आणि मग मशीन आणायचं, उलटं नाही. शक्यतो भाड्यानंच देतात, भाडं ते भरतात. बेडसाठी आणि खुर्चीसाठीही आहे."

"हे केव्हापासून आहे?"

"झालं की बरेच दिवस. तुझ्या वडिलांना ॲडमिट केलंस त्याच्याही आधीपासून. तू तेव्हाच का नाही विचारलंस गं?"

त्यांनी सहज विचारलं. मी रिक्षांच्या रांगेकडे पाहत उभी राहिले. वरती चाचीला मास्क लावलेला होता आणि आमच्या घरात बाबा तिच्या मशीनवर सुखानं बसलेले होते, आणि यातलं काहीच व्हायची गरज नव्हती.

डॉक्टरांकडून त्याच दिवशी चिठ्ठी घेतली. मंजुरीला थोडे दिवस लागणार होते. घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. विम्याचंही सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी कानांवरून नळी काढली आणि माझ्या हातात दिली.

"उचल," ते म्हणाले.

"बाबा, थांबा. सिलिंडरची सोय करते, मग नेते."

"उचल म्हणतो ना. ती बाय तिकडं तडफडते नि मी हितं बोटी मोजतो व्हय?"

आत्या धावत आली. बाबांच्या ओठांचा रंग बदलायला लागला तसं आम्ही दोघींनी जबरदस्तीनं नळी पुन्हा लावली. ते आमच्याकडे न बघता समुद्राकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, अलिबागहून भाड्याचा सिलिंडर आणला, तो चालतो याची खात्री केली आणि मगच चाचीचं मशीन टेम्पोत घातलं. मंजुरी येईपर्यंतचे दिवस बाबांनी सिलिंडरवर काढले. त्यात ते पडवीत येऊ शकत नव्हते. त्याबद्दल त्यांनी तक्रार केली नाही.

चाचीला सोडलं त्या दिवशी मी मशीन तिच्या खोलीत लावून बसले होते. रिक्षातून उतरून, भाभीच्या खांद्याला धरून ती आत आली, आणि मशीनचा आवाज ऐकून दारातच थांबली.

"हे कुणी आणलं?" तिनं भाभीकडे रागानं पाहिलं.

"मी आणलं, चाची. तिनं काही सांगितलं नाही. मीच पाहिलं," मी म्हटलं.

"परत ने. मी मागितलं का तुझ्याकडे?"

"बाबांना दुसरं मिळतंय."

भाभी पाणी आणायला आत गेली. चाची पलंगावर बसली, मी तिच्या कानांवरून नळी अडकवली. तिनं दोनतीन श्वास घेतले आणि तिचे खांदे खाली आले. तेवढं पाहून मला राहवलं नाही. मी तिला सांगून टाकलं. मशीन मला पहिल्या दिवसापासून मिळू शकत होतं. मी विचारलंच नव्हतं. तुझी नजरही मी पाहिली होती, तेव्हाही विचारलं नाही.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे बेटा. तसं ती म्हणाली नाही. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मशीन घरघरत होतं. मग माझ्याकडे न बघताच तिनं माझं मनगट धरलं.

"भाभीला सांगू नकोस," ती म्हणाली. "माझं काय, मी पडूनच होते. उचलायचं, धुवायचं, रिक्षा शोधायची, सगळं तिनं केलं. तिला हे कळलं तर तिला सहन होणार नाही. तुमचं दोघींचं बोलणं बंद होईल. आणि मला दोघी लागता."

भाभी पाणी घेऊन आली. मी पाणी प्यायले.

बाबांचं भाड्याचं मशीन आलं. नवं होतं, आवाज कमी होता. बाबा पुन्हा पडवीत बसू लागले, पण चाचीचा विषय निघाला की गप्प होत. मला ते कधी बोलले नाहीत. एकदा आत्याला म्हणाले, "पोरीचा दोष न्हाय. माझ्यासाठी केलान." हे आत्यानं मला समजूत घालायला म्हणून सांगितलं. त्यानं उलटंच झालं. बाबांसाठी केलं, हे खरंच होतं. पण बाबांसाठी करायला तो एक फोन पुरेसा होता.

त्या थंडीत चाची बरी राहिली. दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या. भाभीच्या घरातून शिलाई मशीनचा आवाज पुन्हा येऊ लागला. मी जवळजवळ दर रविवारी जायचे. चाची मला पूर्वीसारखीच "आलीस, बेटा?" म्हणायची. भाभी मला जेवायला थांबवायची. "तू वेळेवर पाहिलंस म्हणून, नाहीतर काय झालं असतं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझ्यासमोर सांगायची. मी खाली बघून घास गिळायचे.

बाबा उन्हाळ्यात गेले. फुप्फुसांनी नव्हे, झोपेत हृदय थांबलं. मातीला भाभी आली, तिसऱ्या दिवशी आली, दहाव्याला आली. आत्याला घेऊन बसली, भांडी घासली. भाड्याचं मशीन कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली तेव्हाही तीच दारात उभी होती, मी आत होते. ती जितकं करत होती तितकं मला तिच्यासमोर बसणं अवघड होत गेलं. चाचीला दिलेला शब्द होता. पण तो शब्द पाळण्यात माझी सोय किती आणि चाचीचा मान किती, हे मला सांगता येईनासं झालं होतं.

शेवटी एका दुपारी मी तिच्याकडे गेले. चाची आत झोपली होती. भाभी ओट्यावर कोळंबी सोलत होती. मीही सोलायला बसले आणि हातातलं काम न थांबवता तिला सांगितलं. पहिल्या दिवसाच्या खिडकीपासून फोनपर्यंत, सगळं.

तिचे हात थांबले.

"म्हणजे पावसाळाभर..." ती म्हणाली.

"हो."

"अम्मांना माहीत आहे?"

"त्याच दिवशी सांगितलं. त्यांनीच तुला सांगू नको म्हटलं."

तिनं सोललेली कोळंबी आणि टरफलं वेगळी केली, पुन्हा पुन्हा तीच वेगळी करत राहिली. चेहरा लाल झाला होता. मी वाट पाहत होते. मला ती ओरडायला हवी होती.

"तेव्हा सांगितलं असतंस तर भांडले असते तुझ्याशी," ती शेवटी म्हणाली. "असं भांडले असते की गाव गोळा झाला असता."

"आता भांड."

"आता कशी भांडू?" तिचा आवाज फुटला. "तुझे बाबा जाऊन महिना नाही झाला. आता मला भांडताही येत नाही तुझ्याशी. हेही तू असंच केलंस."

मला वाटत होतं की सांगितल्यानं माझं ओझं हलकं होईल. तिचं वाढेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी "चुकले" म्हटलं. तिनं मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही.

आतून चाचीचा आवाज आला. "काय बोलताय गं दोघी?"

भाभीनं पदरानं डोळे पुसले, घसा साफ केला. "काही नाही, अम्मा. कोळंबीचं. आज महाग दिली म्हणते."

मग तिनं कोळंबीचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि उठून आत चहा टाकायला गेली. मी उरलेली सोलत बसले.